पेल्यातला सोमल आणि बडोद्याची गादी

इ. स. १८७४ च्या नोव्हेंबर महिन्याची ९ तारीख, वार सोमवार, ऐन दिवाळीचे दिवस. बडोद्याच्या छावणीलगत असलेल्या रेसिडेन्सीत इंग्रज सरकारचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळचा फेरफटका आटोपून परतले आणि रोजच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांच्यासाठी खोलीत ठेवलेला पपनसाच्या सरबताचा पेला त्यांनी तोंडाला लावला. दोन-तीन घोट घेऊन ते आपल्या कामास बसले. परंतु थोड्याच वेळात पोटात मळमळू लागले, डोके सुन्न झाले, तोंडात तांब्यासारखी विलक्षण चव उमटली, आणि फळच नासके निघाले असावे अशा समजुतीने त्यांनी उरलेले सरबत बाहेर फेकून दिले. पेला परत ठेवताना त्यांची दृष्टी सहज तळाकडे गेली, तो तेथे गाळ साचलेला दिसला. त्या गाळाकडे त्यांचे लक्ष गेले नसते, अथवा तहानेच्या भरात त्यांनी सगळा पेला एका दमात रिता केला असता, तर रेसिडेंटसाहेब पटकीने दगावले एवढीच नोंद कदाचित सरकारी दप्तरात राहिली असती. कारण सोमलाने होणारी ओकारी, जुलाब, पायांत येणारे गोळे आणि हातापायांचा गारठा ही सारी लक्षणे पटकीच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात, की ज्या देशात पटकीची साथ दर एक-दोन वर्षांनी फिरून येई, त्या देशात विषप्रयोग आणि रोग ह्यांतील भेद मृताच्या बिछान्याशी उभे राहून ओळखणे निष्णात वैद्यासही कठीण जाई.

रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड ह्यांना तत्काळ बोलावणे गेले. त्यांनी गाळाची प्राथमिक परीक्षा केली, त्यांना सोमलाचा संशय आला, आणि पुढील तपासणीसाठी नमुना मुंबईस सरकारी रसायनपरीक्षक डॉ. ग्रे ह्यांच्याकडे रवाना झाला. गाळात पांढरा सोमल आहे असे डॉ. ग्रे ह्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच्या जोडीला चकाकणारे, अत्यंत कठीण आणि बारीक कुटलेले कणही होते, आणि ते हिऱ्याच्या भुकटीचे असावेत असा निष्कर्ष पुढे निघाला. ह्या एका पेल्यापासून जे प्रकरण उभे राहिले त्यात पुढील साडेसहा महिन्यांच्या अवधीत एक राजा गजाआड गेला, दोन संस्थानिक आणि एक नामांकित मुत्सद्दी न्यायासनावर बसले, विलायतेहून बडा बॅरिस्टर आला, आणि अखेर गायकवाडांची गादी घराण्याच्या एका शाखेकडून दुसरीकडे गेली. ह्या सर्व उलथापालथीत रसायनशास्त्राने जे सिद्ध केले ते किती, आणि राज्यकर्त्यांनी सिद्ध झाले असे मानले ते किती, ह्या दोहोंमधील अंतर मोजून पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम गादीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. खंडेराव महाराज १८७० च्या अखेरीस निवर्तले तेव्हा त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव पादरा येथील कैदेत होते. भावाच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून १८६३ पासून त्यांना तेथे अटकेत ठेवलेले होते. कैदेतून निघून ते थेट गादीच्या दारात आले. खंडेरावांची विधवा राणी जमनाबाई त्या वेळी गरोदर होती. पुढे तिला कन्या झाली आणि मल्हाररावांचा हक्क कायम झाला. त्यांचा कारभार प्रजेस सुखाचा झाला नाही, हे कोणाही निःपक्षपाती माणसास कबूल करावे लागेल. जुन्या सरदारांची मानखंडना, खंडेरावांच्या मर्जीतील माणसांचा छळ, जमिनीच्या साऱ्याची जबरदस्त वसुली, नजराण्याच्या नावाखाली चालणारी पैशाची ओढ, अशा फिर्यादींचा ओघ रेसिडेन्सीकडे लागला होता. आणि १८७३ च्या मार्च महिन्यात रेसिडेंट म्हणून रुजू झालेले कर्नल फेअर असे गृहस्थ होते की ज्यांच्यापाशी कोणाचीही गाऱ्हाणी ऐकून घेण्याची तयारी पुष्कळ, पण राजाची बाजू ऐकण्याचा धीर अल्प. त्यांच्या अहवालांवरून कर्नल मीड ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी-मंडळ नेमले गेले आणि त्याच्या निर्णयाप्रमाणे मल्हाररावांना राज्यकारभार सुधारण्यास ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत देण्यात आली. दिवाण म्हणून दादाभाई नौरोजी आले. त्यांच्या आणि रेसिडेंटच्या दरम्यान मेळ कधीच बसला नाही, आणि २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक ह्यांस खलिता पाठवून फेअरसाहेबांना बडोद्याहून हलवावे अशी विनंती केली. त्या खलित्यानंतर बरोबर सातव्या दिवशी पेल्यात सोमल निघाला. ही तारखांची जवळीक फिर्यादी पक्षास हेतूचा पुरावा वाटली. परंतु ज्या राजाने नुकतीच सनदशीर मार्गाने एका अधिकाऱ्याच्या बदलीची मागणी केली आहे, त्याला त्याच आठवड्यात त्या अधिकाऱ्यास विष घालण्याचे कारण काय, असा प्रश्नही तीच जवळीक विचारते.

आता ज्या पदार्थावर हा सारा इतिहास टेकलेला आहे त्याच्याकडे वळू. सोमल म्हणजे अर्सेनिक ह्या मूलद्रव्याचे ऑक्साइड. अर्सेनिकाचा अणुक्रमांक ३३ आहे, अणुभार सुमारे ७५. दिसावयास पोलादी करड्या रंगाचे व ठिसूळ असे हे द्रव्य धातू आणि अधातू ह्यांच्या सीमेवर बसते, आणि साध्या वातावरणाच्या दाबाखाली तापविल्यास न वितळता सुमारे ६१५ अंश सेल्सियसला त्याची एकदम वाफ होते. ती वाफ हवेत जळाली की लसणासारखा उग्र दर्प सुटतो आणि पांढरा धूर निघतो. तो धूर थंड पृष्ठभागावर बसला की जो पांढरा चुरा किंवा काचेसारखा खडा मिळतो तोच बाजारातला सोमल. निसर्गात हे मूलद्रव्य शुद्ध रूपात क्वचितच आढळते. बहुधा ते गंधकाच्या अथवा लोखंड, तांबे, निकेल, कोबाल्ट ह्यांच्या सोबतीने खडकांत राहते. गंधकाशी संयोग पावलेले त्याचे पिवळे खनिज हरताळ आणि तांबडे-नारिंगी खनिज मनशीळ ही दोन्ही आपल्याकडे प्राचीन काळापासून परिचित आहेत. उत्तरेस चित्रालच्या डोंगरांतून हरताळ निघे. लोखंड, अर्सेनिक आणि गंधक ह्या तिघांचे मिळून झालेले रुपेरी खनिज मात्र अर्सेनिकाच्या खनिजांपैकी जगात सर्वांत अधिक विस्तृतपणे पसरलेले आहे आणि कथिल, तांबे वा सोने ह्यांच्या शिरा शोधणाऱ्या खाणकामगारांना ते पदोपदी भेटते.

आपल्या पूर्वजांनी ह्या द्रव्यांचा उपयोग फार बारकाईने केलेला होता. रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत हरताळ आणि मनःशिला उपरसांत गणल्या आहेत, गौरीपाषाणाची, म्हणजे सोमलाची, गणना साधारण रसांत आहे, आणि त्या प्रत्येकाच्या शोधनाचे विधी सांगितले आहेत. अशोधित द्रव्य प्राणघातक होय ह्याची जाणीव त्या ग्रंथकारांना पक्की होती. पोथ्या लिहिणारे लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप देत, आणि त्याच हरताळाने कागदावर येणारी कसरही दूर राही. चित्रकार पिवळ्या रंगासाठी ते खलीत. कातडी टिकविणे, उंदीर मारणे, घोड्यांची औषधे, खरजेवरील लेप, अशा कितीतरी कामांत सोमल गावोगाव लागे. म्हणून पांढऱ्या सोमलाची पुडी गांधी किंवा बोहरी दुकानदाराकडे मागणे ही १८७४ साली कोणाच्याही भुवया वर चढाव्यात अशी गोष्ट नव्हती.

हिंदुस्थानात खपणारा पांढरा सोमल मुख्यतः समुद्रमार्गे बाहेरून येई, आणि त्या काळी जगातील त्याचे एक फार मोठे उगमस्थान इंग्लंडातच होते. डेव्हन आणि कॉर्नवॉल ह्या परगण्यांच्या सीमेवर टेमर नदीच्या खोऱ्यात डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स नावाची खाण १८४४ पासून तांब्यासाठी प्रसिद्ध होती. तांबे सरत आले तेव्हा पूर्वी टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यांत फेकलेल्या रुपेरी खनिजाकडे मालकांचे लक्ष गेले. ते भट्टीत भाजले की गंधकाचा आणि अर्सेनिकाचा धूर उठे. हा धूर दगडी बोगद्यांच्या लांबच लांब, नागमोडी वळणांतून खेळवीत नेला म्हणजे सोमल भिंतींवर हिमासारखा जमे, आणि भट्ट्या थंड झाल्यावर मजूर आत शिरून तो खरवडून काढीत. त्यांच्या अंगावर संरक्षण काय, तर उघड्या कातडीवर मातीचा लेप आणि नाकपुड्यांत कापसाचे बोळे. तो सोमल रंगांच्या कारखान्यांत, काचेच्या भट्ट्यांत, कातड्याच्या आणि शेतीच्या कामांत जगभर जाई. त्या मजुरांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. त्यांनी खरवडलेल्या पांढऱ्या चुऱ्याने जगाच्या पाठीवर किती घरांत काय काय घडविले त्याचा हिशेबही कोणी ठेवलेला नाही.

ह्या मूलद्रव्याचा आणखी एक गुण लक्षात ठेवला पाहिजे, कारण न्यायालयांत तोच पुढे वादाचा विषय झाला. ते सर्वत्र अत्यल्प प्रमाणात आहे. भूपृष्ठाच्या खडकांत सरासरी दहा लाख भागांत दीड-दोन भाग अर्सेनिक असते. मातीत असते, काही झऱ्यांत असते, समुद्रातील जीवांत असते. हिमालयातून खाली आलेल्या गाळात ते लोखंडाच्या गंजास चिकटून येते, आणि बंगालच्या सखल प्रदेशात जमिनीखाली जेथे कुजणाऱ्या वनस्पतिद्रव्यामुळे प्राणवायू उरत नाही तेथे सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने तो गंज विरघळून अर्सेनिक पाण्यात मोकळे होते. तलावांतील व नद्यांतील दूषित पाण्यापासून लोकांना वाचविण्यासाठी खणलेल्या नळविहिरींतूनच हे पाणी वर आले, आणि १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा ह्यांनी रुग्णांच्या कातडीवरील डागांवरून त्या पाण्याने होणारा रोग ओळखला. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. बंगालमधील असंख्य विहिरी तिच्या कितीतरी पलीकडे गेलेल्या आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकात अर्सेनिक फारसे नाही, हे आपले सुदैव. तथापि विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या राजनांदगावच्या मुलुखात, अंबागड चौकीकडील गावांत, तेथील निराळ्या जुन्या खडकांमुळे विहिरींच्या पाण्यात ते उतरले आहे. कोणाही मनुष्याचा हेतू नसताना लक्षावधी लोकांच्या पेल्यात हा पदार्थ रोज जात आहे, आणि त्याची चौकशी व्हावी तितक्या नेटाने अद्याप झालेली नाही, ही गोष्ट मला बडोद्याच्या प्रकरणाहूनही अधिक लाजिरवाणी वाटते. असो.

सोमल ओळखण्याच्या कसोट्या बडोद्याच्या घटनेपूर्वी साधारण चाळीस वर्षांत तावून सुलाखून निघाल्या होत्या, आणि त्यांचा जन्मही एका फसलेल्या खटल्यातून झालेला होता. वुलिच येथील शाही शस्त्रागारात काम करणारे रसायनज्ञ जेम्स मार्श ह्यांना १८३० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी एका खुनाच्या खटल्यात पाचारण करण्यात आले. कॉफीत सोमल घालून आजोबाचा प्राण घेतल्याचा आरोप जॉन बॉडल नावाच्या नातवावर होता. मार्शने हायड्रोजन सल्फाइड वायू सोडून पिवळा साका पाडून दाखविला. पण ज्यूरीपुढे जाईपर्यंत तो साका बिघडला, ज्यूरीची खात्री पटली नाही आणि आरोपी सुटला. पुढे त्याने आपला अपराध कबूल केला. ह्या अपयशाची टोचणी मार्शच्या मनाला लागून राहिली आणि १८३६ साली त्याने आपली सुप्रसिद्ध कसोटी प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्ल ह्यांच्या क्रियेने निघणारा हायड्रोजन संशयित द्रव्यातील अर्सेनिकाशी संयोग पावून आर्सीन नावाचा विषारी वायू तयार करतो; तो नळीतून जात असता तापविला की त्याचे विघटन होऊन नळीच्या थंड भागावर अर्सेनिकाचा चकचकीत, काळसर आरसा उमटतो. हा आरसा ज्यूरीतल्या अडाणी शेतकऱ्यासही दाखविता येतो, जपून ठेवता येतो, आणि मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाइतके अर्सेनिकही त्यात पकडता येते. १८४१ साली ह्यूगो राइन्श ह्याने तांब्याच्या पट्टीवर अर्सेनिकाचे करडे पुट चढविण्याची आणखी सोपी रीत शोधून काढली.

परंतु कसोटी जितकी सूक्ष्म, तितकी तिची भीतीही सूक्ष्म. १८४० साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज ह्या तरुण स्त्रीवर पतीस विष घातल्याचा खटला चालला तेव्हा स्थानिक रसायनज्ञांचे एकमत होईना. अखेर पॅरिसहून विख्यात विषशास्त्रज्ञ ऑर्फिला ह्यांना आणविले गेले, त्यांनी देहात अर्सेनिक असल्याचे सांगितले, आणि त्या बाईला जन्मठेप झाली. त्या वेळी दोन शंका विद्वानांनी उपस्थित केल्या आणि त्या दोन्ही रास्त होत्या: कसोटीसाठी वापरलेल्या जस्तातच अर्सेनिक नसेल कशावरून, आणि स्मशानातील मातीतून ते मृतदेहात शिरले नसेल कशावरून? ऑर्फिलांना स्मशानाच्या मातीची निराळी परीक्षा करावी लागली ती ह्यामुळेच. जे द्रव्य पृथ्वीवर सर्वत्र थोडे थोडे आहे ते सापडले एवढ्याने अपराध सापडला असे होत नाही. किती सापडले, कोठे सापडले, कोणत्या रूपात सापडले, हे सांगता आले पाहिजे.

ह्या दृष्टीने पाहता बडोद्याचा पेला रसायनज्ञाच्या वाट्यास आलेला अगदी सोपा प्रश्न होता. प्रेतातील आतड्यांतून लवमात्र अंश हुडकून काढावयाचा नव्हता. दळलेले घन द्रव्यच तळाशी बसलेले होते. सोमल थंड पाण्यात सावकाश आणि अल्प प्रमाणात विरघळतो, आणि तो पाण्याच्या साडेतीन पटींहून अधिक जड असतो. हिऱ्याची घनताही तशीच साडेतीनच्या घरात. ढवळून लगेच प्याले नाही तर दोघेही खाली बसणार. फेअरसाहेबांचे प्राण ह्या जडपणानेच वाचविले, असे म्हणावयास हरकत नाही. अशा द्रव्यासाठी त्या काळच्या प्रयोगशाळांत अनेक रीती होत्या: कोळशाबरोबर तापवून नळीत धातूसारखे कडे पाडणे; ते पुन्हा हवेत उडवून अष्टफलकी पांढरे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे; रुप्याच्या क्षाराने पिवळा आणि तांब्याच्या क्षाराने हिरवा साका पाडणे. ह्या सगळ्या रीती एकमेकींची साक्ष काढतात, आणि जेथे त्या एकाच उत्तरावर येतात तेथे संशयास जागा उरत नाही.

हिऱ्याच्या भुकटीची कथा निराळी. हिरा कुटून खाऊ घातला की माणूस मरतो, ही समजूत आपल्याकडे दरबारी लोकांत आणि सामान्य जनांतही पूर्वापार रूढ होती. वस्तुतः हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पोटातील कोणत्याही रसाचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि त्याचा रक्तावर होत नाही. सोमलाच्या जोडीला हिरा घालणाऱ्याने विषाच्या बळात तिळभरही भर घातली नव्हती. घातली होती ती खर्चात. पण खटल्याच्या दृष्टीने ह्या निरुपद्रवी भुकटीला फार मोठे महत्त्व आले, कारण सोमल कोणीही विकत घेऊ शकतो, हिरे मात्र राजवाड्यातूनच यावयाचे, असा तर्क लोकांच्या मनात आपोआप धावला. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे असे तीन पदार्थ आहेत, अशी गुप्त खबर एका खबऱ्याने फेअरसाहेबांच्या कानावर घातली होती, आणि त्यांनी ती डॉक्टरांस कळविली. डॉ. ग्रे ह्यांनी तांब्यासाठी परीक्षा केली, तांबे नव्हते. तोंडात तांब्याची चव आली असे रेसिडेंटने स्वतः सांगितलेले असताना, बडोद्याची हवा संशयाने तापलेली असताना, मुंबईच्या प्रयोगशाळेतील माणसाने नाही त्या वस्तूला नाही म्हटले. त्या सबंध प्रकरणात इतक्या स्वच्छपणे बोललेली दुसरी व्यक्ती मला आढळत नाही.

प्रयोगशाळेच्या दारापाशी शास्त्राचे काम संपले आणि पोलिसांचे सुरू झाले. लॉर्ड नॉर्थब्रुक ह्यांनी फेअर ह्यांच्या जागी सर लुईस पेली ह्यांना पाठविले; मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपले निवडक अंमलदार घेऊन बडोद्यास आले. रेसिडेन्सीच्या पट्टेवाल्यांचा हवालदार रावजी ह्याने माफीच्या वचनावर जबानी दिली, की महाराजांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्याकडून आलेली पूड आपण सरबतात टाकली. रेसिडेन्सीचा जमादार नरसू ह्यानेही कबुली दिली आणि नंतर रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी टाकली; त्यास बाहेर काढण्यात आले. डिसेंबरच्या अखेरीस रावजीच्या चपराशी पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. शोधणारे होते पोलीस अंमलदार अकबर अली. जानेवारी १८७५ मध्ये दादाभाईंनी दिवाणगिरीचा राजीनामा दिला, आणि त्याच महिन्याच्या मध्यास खुद्द मल्हाररावांना अटक झाली. त्यांचे खासगी चिटणीस दामोदरपंत गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात पंधरवडाभर राहिले आणि मग तेही माफीच्या आश्वासनावर बोलते झाले. घोड्याच्या औषधाच्या सबबीवर सोमल मागविण्याचा प्रयत्न झाला, तो साधला नाही म्हणून छावणीतील नुरुद्दीन बोहऱ्याकडून तो मिळविला, आणि हिरे हेमचंद जवाहिऱ्याकडून आले, असा त्यांच्या जबानीचा मतलब होता.

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्यास कमिशन बसले. अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. त्यांच्यासमवेत कर्नल मीड आणि पंजाबातील अधिकारी मेलव्हिल. हिंदी सभासद ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि राजा सर दिनकरराव राजवाडे. एका राजाच्या वर्तनाचा निवाडा करण्यास त्याच्या बरोबरीच्या राजांना इंग्रज न्यायाधीशांच्या मांडीला मांडी लावून बसविण्याचा असा प्रयोग हिंदुस्थानात पूर्वी झालेला नव्हता. फिर्यादीचे काम मुंबईचे ॲडव्होकेट-जनरल स्कोबल ह्यांनी चालविले. बचावासाठी लंडनहून बॅरिस्टर सार्जंट बॅलंटाइन आले. त्यांची उलटतपासणी ऐकावयास लोक दाटीवाटीने बसत. बॅलंटाइन ह्यांनी सोमलाच्या अस्तित्वावर आपली शक्ती वाया घालविली नाही. ते विचारीत राहिले की ही पुडी इतके दिवस पट्ट्यात कशी राहिली, ती पोलिसांच्याच हाती नेमकी कशी लागली, जो प्रत्येक साक्षीदार अपराधाचा भागीदार आहे आणि ज्याच्या मानेवरची तरवार त्याच्या जबानीच्या बदल्यात दूर झाली आहे, त्याच्या शब्दावर एका सिंहासनाधिष्ठित पुरुषाला दोषी कसे ठरवावे. हेमचंदने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन पोलिसांपुढच्या आपल्या जबानीतून अंग काढून घेतले. नुरुद्दीनकडून सोमल घेतल्याचा स्वतंत्र पुरावा पुढे आला नाही. सोमल कोणत्या पेल्यात होता हे ठाऊक होते. तो बाजारातून पेल्यापर्यंत कसा आला ह्या वाटेचे सर्व दुवे माफी मिळालेल्या माणसांच्या जिभेवर होते.

कमिशनचे मत बरोबर दुभंगले. तिन्ही इंग्रज सभासदांनी मल्हाररावांना दोषी मानले. शिंदे, जयपूरकर आणि दिनकरराव ह्यांनी विषप्रयोगाचा आरोप शाबीत झाला नाही असे लिहून दिले. दिनकररावांसारखा आयुष्यभर इंग्रजी अंमलाशी एकनिष्ठ राहिलेला मुत्सद्दी सरकारच्या मनोदयाविरुद्ध मत देतो, ह्याचा अर्थ त्या पुराव्याचे वजन जोखताना त्याने आपल्या निष्ठेपेक्षा विवेकास वरचे स्थान दिले असाच केला पाहिजे. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने गायकवाडांच्या बाजूने आवाज उठविला, आणि कलकत्त्याच्या रंगभूमीवर त्याच वर्षी अमृतलाल बसूंचे हीरकचूर्ण हे नाटक ह्या विषयावर आले.

सरकारपुढे पेच पडला. निकाल समसमान, मग राजाला शिक्षा करावी कशी? १८७५ च्या एप्रिल महिन्यात जाहीरनामा निघाला आणि मल्हारराव पदच्युत झाले, ते विषप्रयोगाच्या आरोपावरून नव्हे, तर दुर्वर्तन, घोर अव्यवस्था आणि सुधारणा घडवून आणण्याची असमर्थता ह्या कारणांवरून. ह्याच कारणांसाठी त्यांना ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत दिलेली होती. ती संपावयास आठ महिने बाकी होते. माझ्या मते सरकारच्या वर्तनातील खरा दोष येथे आहे. मल्हाररावांचा कारभार वाईट होता म्हणून त्यांना काढले असते तर मुदत संपू देऊन काढावयास हवे होते. त्यांनी विष घातले म्हणून काढले असते तर ते शाबीत करावयास हवे होते. एका आरोपासाठी अटक, दुसऱ्यासाठी शिक्षा, अशी सांगड घातल्याने सरबतातल्या सोमलाविषयीची रसायनज्ञाची खात्री लोकांच्या मनात राजाच्या हाताविषयीच्या खात्रीत रूपांतरित झाली, आणि ते रूपांतर कोणत्याही न्यायाधीशाने केलेले नव्हते.

पुढील घटना सर्वश्रुत आहेत. मल्हाररावांना मद्रासेस नेऊन ठेवण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या मुलास जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. तेच सयाजीराव महाराज, आणि त्यांच्या राज्यात बडोद्याने शिक्षण, ग्रंथालये व प्रजाहित ह्यांत जी कीर्ती मिळविली ती आपण जाणतोच. त्या कीर्तीच्या प्रकाशात आधीच्या प्रकरणाची बाजू तपासण्याची गरज लोकांना भासली नाही. राहिला प्रश्न सोमलाचा. पांढऱ्या सोमलासारख्या विषांच्या बाळगण्या-विकण्यावर नियंत्रण घालणारा कायदा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९०४ साली झाला. विलायतेत तसा निर्बंध, विक्रीची नोंद आणि सोमलात काजळी किंवा नीळ मिसळण्याची सक्ती, १८५१ पासूनच होता.

कर्नल फेअर सर रॉबर्ट फेअर झाले, लष्करात जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि १८९७ साली वारले. मल्हारराव मद्रासेस नजरकैदेत १८८२ साली निवर्तले. पेल्यात सोमल होता हे डॉ. ग्रे ह्यांनी शाबीत केले होते. तो तेथे मल्हाररावांच्या हुकमाने गेला हे त्या कमिशनपुढे शाबीत झाले नव्हते, आणि त्यानंतरही कोणी ते शाबीत केलेले नाही.